पिल्लाच्या पोटात पहिल्यांदा काय गेलं

थंडी सरत आली होती. सकाळी धुकं आणि अकराच्या पुढं पाठ भाजणारं ऊन, तसले दिवस. मी नंदगडकडं आत्तेच्या गावी गेले होते आणि नेमकी त्याच दिवशी दादाच्या पोल्ट्रीत नवी बॅच उतरायची होती. शेड गावाबाहेर माळावर आहे. रात्रीपासून पिल्लांना ऊब देणारे ब्रूडर पेटवून ठेवलेले, खाली भाताच्या तुसाचा थर, त्यावर पेपर अंथरलेले, आणि दारातनं आत डोकावलं की गरम तुसाचा आणि ताज्या चुन्याचा मिळून एक कोरडा वास नाकात बसायचा. टेम्पो आला, भोकं पाडलेले खोके उतरले, एका खोक्यात शंभर पिल्लं. चिवचिवाट एवढा की शेजारच्या माणसाचं बोलणं कळेना. आत्तेला आणि मला आत सोडलं नाही, बाहेरच्या माणसानं शेडमध्ये पाय ठेवायचा नाही हा नियम, आणि तो बरोबरच आहे. दादा स्वतःसुद्धा पोटॅशच्या पाण्यात पाय बुडवून आत गेला. आत्ते दारातच टेकली आणि वहिनी एकेका पिल्लाची चोच पाण्यात बुडवून त्याला सोडत होती ते बघत बसली. मग तिनं विचारलं, "आता ह्यास्नी पयल्यांदा काय घालूलाला गा?" दादा म्हणाला, "गुळाचं पाणी, त्यात औषध." "औषध कशाला? आजारी हाईत काय?" "नाही गे आई, आजारी पडू नयेत म्हणून." आत्ते थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "खरं मग आईकडचं काय मिळालं म्हणायचं ह्यास्नी?"

कुणी उत्तर दिलं नाही. पुढचा खोका उघडायचा होता.

मला मात्र तो प्रश्न सोडेना. रात्री बेळगावला परत येताना बसमध्ये तोच डोक्यात, घरी आल्यावर तोच. आणि त्याचा माग काढत गेले ती पार बर्ड फ्लूपर्यंत जाऊन पोचले. बीएस्सीला झूलॉजी होतं म्हणून कोंबडी कापून तिचे अवयव चिठ्ठ्या लावून मांडलेले मला आठवतात, पण आत्तेनं जे विचारलं ते त्या ट्रेमध्ये कुठंच नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूनं आज्जीच्या घरचं डालगं आठवायला लागलं. खुडूक बसलेली कोंबडी, अंगाची पिसं फुगवून, हात नेला की टोचायला धावणारी. तिच्याखाली आज्जी अंडी ठेवायची, ढगांचा गडगडाट झाला तर अंडी बिघडू नयेत म्हणून त्यात लोखंडाचा एक गंजका खिळा टाकायची, आणि एकवीस दिवस झाले की आम्ही पोरं डालग्याला कान लावून बसायचो. पिल्लं निघाली की दोन दिवसांत ती बया सगळी फौज घेऊन थेट उकिरड्यावर. पायानं उकरायची, क्लक क्लक करत काहीतरी चोचीत धरून खाली टाकायची, पिल्लं धावून तेच उचलायची. त्यात कणी असायची, किडा असायचा, शेण असायचं, आणि तिची स्वतःची शीट पण असायची. ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना माहीत आहे की कोंबडीची शीट दोन तऱ्हेची असते. एक नेहमीची, वर पांढरं असलेली. दुसरी दिवसातनं थोड्याच वेळा पडणारी, काळपट तपकिरी, चिकट, आणि अशी घाणेरडी वास मारणारी की अंगणात पडली की आज्जी शिव्या देत राख टाकून ती उचलायची. पिल्लं नेमकी तिच्यात चोच मारायची, आणि आम्हाला शिसारी यायची.

ती दुसरी शीट जिथनं येते तिथंच सगळी गोष्ट आहे. कोंबडीचं लहान आतडं जिथं संपतं तिथं दोन लांब नळ्या फुटतात, पुढं बंद असलेल्या, त्यांना अंधनाल म्हणतात. कोंबडीच्या शरीरात सगळ्यात दाट जंतूंची वस्ती ती. तिथं ते जंतू न पचलेला कोंडा आंबवतात, त्यातनं ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, आतड्याच्या अस्तराच्या पेशींना त्यातनं खाद्य मिळतं आणि ते अस्तर घट्ट राहतं. अंड्यातनं निघालेल्या पिल्लाचं आतडं मात्र जवळजवळ रिकामं असतं. पहिल्या काही दिवसांत जे येईल ते तिथं घर करणार. डालग्यातल्या पिल्लाला ते आईकडनं मिळतं. हॅचरीतल्या पिल्लाला आई दिसतच नाही, अंडी मशिनमध्ये, त्याआधी त्यांच्यावर फॉर्मॅलिनचा धूर, निघाल्या निघाल्या लस, खोका, टेम्पो, आणि मग आमच्या माळावरचं गुळाचं औषधपाणी. स्वच्छता गरजेची आहे, मी तिच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही, कारण अंड्याच्या कवचावरनं साल्मोनेला हजारो पिल्लांत कसा पसरतो ते हॅचरीवाल्यांना चांगलं माहीत आहे. पण स्वच्छतेबरोबर एक वारसा पण पुसला जातो, आणि तो पुसला गेला तर काय होतं हे विचारणारे लोक फार आधी होऊन गेलेत.

फिनलंडमध्ये १९७१ साली ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली होती. तिथल्या नुर्मी आणि रँटला या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक साधा प्रयोग छापला. निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज घेऊन नुकत्याच निघालेल्या पिल्लांना पाजला, मग साल्मोनेला दिला, आणि त्या पिल्लांत तो जंतू रुजायचं प्रमाण खूपच कमी झालं. जत्रेच्या एसटीत कुणी आधीच रुमाल टाकून जागा धरलेली असली की मागनं येणाऱ्याला बसायला मिळत नाही, तसंच काहीसं. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मला आत्तेला फोन करावासा वाटला. तिनं दारात बसून जे विचारलं होतं ते दोन शिकलेल्या माणसांनी पन्नास वर्षांपूर्वी प्रयोग करून विचारलं होतं. आणि उत्तर होतं की हो, आईकडनं काहीतरी मिळतं, आणि ते न मिळालेलं पिल्लू उघडं पडतं.

पण साल्मोनेला हा आतड्यातला जंतू, आतड्यातल्याच दुसऱ्या जंतूंनी त्याला अडवलं ह्यात नवल नाही. बर्ड फ्लू हा तर विषाणू. त्याचा आणि पोटातल्या जंतूंचा काय संबंध?

हा संबंध मला पण आधी ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. फ्लू म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नाक, घसा, छाती येते. खरं रानबदकांत हा आजार मुख्यतः आतड्यातला असतो. विषाणू आतड्यात वाढतो, शिटेतनं तळ्याच्या पाण्यात जातो, दुसरं बदक ते पाणी पितं, आणि पुष्कळदा बदकाला काहीच होत नाही. गदग जिल्ह्यात मागडीच्या तळ्यावर हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात, आपल्याकडचे लोक गाड्या करून बघायला जातात, ते पक्षी हिमालय ओलांडून येतात हे ऐकून मला दरवेळी भारावून जायला होतं. त्या तळ्याच्या काठावर उभं राहून कुणाला वाटणार की ह्या पाणपक्ष्यांच्या पोटात एवढी मोठी देवाणघेवाण चाललेली असते. कोंबडी ह्यात बदकापेक्षा दुबळी. विषाणू शरीरात शिरलाय हे ओळखणारं रिग-आय नावाचं एक जनुक बदकात आहे, कोंबडीत ते सापडतच नाही. म्हणजे तिला बाकीच्या वाटांनीच ओळख पटवून घ्यावी लागते, आणि ती ओळख पटायला जेवढा उशीर तेवढा विषाणूला मोकळा वेळ.

इथं पोटातले जंतू येतात. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठातल्या लोकांनी २०१८ मध्ये कोंबड्यांवरचं काम छापलं. पिल्लांना अँटिबायोटिकचं मिश्रण देऊन त्यांच्या आतड्यातली वस्ती मोडून काढली आणि मग एच९एन२ ह्या सौम्य जातीच्या बर्ड फ्लूचा संसर्ग दिला. ज्यांची वस्ती मोडली होती त्या कोंबड्यांच्या घशातनं आणि मागच्या वाटेनं जास्त विषाणू बाहेर पडला. शरीरात विषाणूची पहिली हाकाटी घालणारी जी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं असतात, ती त्यांच्यात कमी पडलेली दिसली. आणि मग त्यांना लॅक्टोबॅसिलसचे प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जंतू, दिले किंवा निरोगी कोंबडीच्या आतड्यातला ऐवज दिला, की ती हाकाटी बऱ्यापैकी परत आली. फ्रान्समध्ये तुलूझच्या गटानं २०२० मध्ये बदकांवर असाच प्रयोग केला, तिथं विषाणू एच५एन९ हा जहाल जातीचा होता, आणि तिथं पण अँटिबायोटिक दिलेल्या बदकांच्या आतड्यात विषाणू जास्त वाढला आणि सुरवातीचा प्रतिकार मंदावला. म्हणजे ते जंतू विषाणूला स्वतः मारतात असं नाही. ते शरीराला रोज थोडं थोडं डिवचत राहतात, त्यामुळं पहारा झोपत नाही.

पक्ष्याच्या अंगात आतडं आणि प्रतिकार ह्या दोन गोष्टी किती जवळ आहेत ते पण बघण्यासारखं आहे. कोंबडीच्या मागच्या वाटेलाच चिकटून एक छोटी पिशवी असते, बर्सा ऑफ फॅब्रिशियस. इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं तिचं वर्णन करून ठेवलं, आणि त्यानंतर तीनशेहून जास्त वर्षं ती कशासाठी असते ते कुणाला कळलं नाही. अमेरिकेत ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्यानं ती काढून टाकलेल्या कोंबड्या दुसऱ्याच एका क्लासला वापरायला दिल्या, आणि त्या कोंबड्यांच्या रक्तात अँटिबॉडी तयारच होईनात. १९५६ साली ते छापून आलं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी जिथं शिकतात ती शाळाच पक्ष्यात आतड्याच्या टोकाला, आणि आतड्यातला ऐवज त्या पिशवीत जातो येतो. मी परीक्षेसाठी बर्सा हा शब्द पाठ केला होता, आकृतीत बाण काढला होता, आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं अर्धवट आणि धोक्याचं होईल.

एच५एन१ सारखा जहाल विषाणू शेडमध्ये शिरला तर पोटातल्या चांगल्या जंतूंच्या जोरावर कोंबड्या वाचतील असं कुणी समजू नये. सौम्य जातीच्या विषाणूला वाढायला त्याचं प्रथिन कापणारी आतड्यातली आणि श्वासनलिकेतली ठराविक एन्झाइमं लागतात, म्हणून तो तिथंच अडकून राहतो. जहाल जातीच्या विषाणूचं प्रथिन कापायला अंगातल्या जवळजवळ कुठल्याही पेशीतलं एन्झाइम चालतं, त्यामुळं तो मेंदू, काळीज, फुप्फुस सगळीकडं पसरतो आणि दोन-तीन दिवसांत शेड रिकामी होते. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला भारतातली पहिली साथ आली तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. आणि गावठी कोंबडी, जिनं आईबरोबर उकिरडा उकरलाय, ती पण ह्या आजारात मरते. हे मला मनापासून खटकतं, कारण मला आज्जीच्या डालग्याची बाजू घ्यायची होती. ज्या उकिरड्यावर पिल्लाला चांगले जंतू मिळतात त्याच उकिरड्यावर कावळा बसतो, रानपाखरू बसतं. उदगीरला जानेवारी २०२५ मध्ये कावळे पटापट मरून पडले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लू आहे असं सांगितलं. त्याच शिटेतनं वारसा येतो आणि त्याच शिटेतनं विषाणू येतो. दादानं आत्तेला दारात अडवलं ते ह्याचसाठी. दोघांपैकी कोण चुकलं, असं विचारलं तर मला कुणाचंच नाव घेता येत नाही.

उदगीरची बातमी आल्यावर काही आठवड्यांत कर्नाटकात रायचूर, बळ्ळारी, चिक्कबळ्ळापूर भागातनं पण बातम्या आल्या, आणि इकडं आमच्या भागात एकही कोंबडी आजारी नसताना चिकनच्या दुकानापुढची गर्दी हटली. आपली मोठी बाजारपेठ घाटाखाली, गोव्यात. तिकडं लोकांनी हात आखडला की इकडं खानापूर-बेळगावच्या शेडमध्ये तयार माल पडून राहतो, रोज खातो, वजन वाढतं आणि भाव पडतो. दादा त्या दिवसांत सकाळी उठून पहिल्यांदा शेडच्या कोपऱ्यात मेलेल्या कोंबड्या मोजायचा आणि मग चहा घ्यायचा. मर्तुक नेहमीचीच होती, तरी मोजताना त्याचा हात थांबायचा असं वहिनी सांगत होती. एक किलोमीटरच्या आत एका ठिकाणी जरी बर्ड फ्लू निघाला तरी त्या वर्तुळातल्या सगळ्या मारतात, निरोगी असू देत नाहीतर आजारी. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या नुसत्या अफवेवर गोकाक तालुक्यात एकानं आपल्या हजारो कोंबड्या जिवंत खड्ड्यात लोटल्या, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलाय. मी तो पूर्ण बघू शकले नव्हते. कोंबड्यांचं वाईट वाटलंच, पण त्या माणसाचे खांदे मला जास्त आठवतात.

म्हणून पोल्ट्रीवाल्यानं अँटिबायोटिक का द्यावं असा प्रश्न शहरात बसून विचारणं सोपं आहे आणि मला तो तसा विचारायचा नाही. कंपनीच्या करारावरची पोल्ट्री म्हणजे पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, शेतकऱ्याची शेड, लाइट, पाणी आणि रात्रीची झोप. चाळीसेक दिवसांनी लिफ्टिंग होतं, म्हणजे कंपनी तयार कोंबड्या उचलून नेते, किलोमागं काही रुपये हातात येतात, त्यात मर्तुक वाढली किंवा खाद्य जास्त लागलं की कापून घेतात. एवढ्या घट्ट हिशेबात पहिल्या आठवड्याचं औषध म्हणजे त्याला आधार वाटतो. सरकारनं २०१९ मध्ये कोलिस्टिन हे जनावरांना, कोंबड्यांना द्यायला बंदी घातली, कारण माणसाच्या शेवटच्या इलाजातलं ते औषध. ती बंदी माणसाच्या भल्यासाठी आली आणि चांगलीच झाली. पण कोंबडीच्या स्वतःच्या भल्याचा, तिच्या आतड्यातल्या वस्तीचा विचार करून औषध कमी करा असं शेडमध्ये येऊन कुणी सांगत नाही. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही हे तर आपल्या सर्दीलासुद्धा डॉक्टर सांगतात, आणि इथं प्रयोग असं सुचवतात की आजार नसताना ते दिलं तर विषाणूची वाट जरा रुंदच होते.

मी दादाला सगळं सांगितलं. फिनलंडचं, कॅनडाचं, बदकांचं. त्यानं शांतपणे ऐकलं, मध्येच आत्ते म्हणाली, "मग मी काय वायलं म्हणालो होतो?" आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला बरं वाटलं. दादानं पहिल्या पाच दिवसांच्या पुड्यांचे फोटो मला पाठवले. एक व्हिटॅमिन, एक लिव्हर टॉनिक, एक अँटिबायोटिक. कंपनीच्या सुपरवायझरला विचारलं की पिल्लं तर चांगली आहेत, हे कशाला, तर तो म्हणाला शेड्यूलमध्ये आहे. तो पोरगा पण पगारी, त्याच्या हातात काही नाही. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना भेटलो तर ते म्हणाले प्रोबायोटिक मिळतात, आजार नसेल तर अँटिबायोटिक सोडून ते देऊन बघता येईल, पण लिटर, म्हणजे खालचा तुसाचा थर, कोरडं पाहिजे, पाण्याची लाइन धुतलेली पाहिजे, लसीच्या तारखा चुकायला नकोत, गेटवरचा पोटॅशचा टब भरलेला पाहिजे, आणि रानपाखरं शेडमध्ये घुसू नयेत म्हणून जाळी फाटकी नको. एका गोष्टीच्या बदल्यात दुसरी सोडायची असं ह्यात नाही. दादानं त्याच आठवड्यात जाळी शिवून घेतली.

आता आसपासच्या गावातले पाच-सहा पोल्ट्रीवाले मिळून कंपनीच्या माणसाला दोन गोष्टी विचारणार आहेत. पिल्लं निरोगी असतील तर पहिल्या आठवड्याचं अँटिबायोटिक काढून त्याजागी प्रोबायोटिक द्याल काय, आणि तसं करून एखाद्या बॅचला मर्तुक वाढली तर ती कुणाच्या खात्यावर पडणार. अर्ज मराठीत मी लिहून दिला, कन्नडमध्ये वहिनीच्या भावानं केला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळाल्याशिवाय पहिल्याला कुणी हात लावणार नाही असं दादानं स्पष्टच सांगितलंय, आणि त्याची शेडची वही बघितल्यावर मला ते पटलं.